न्युर्बुर्गरिंगवर स्वतःची गाडी : विमा कुठे थांबतो?

जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगचा १९२७ साली खुला झालेला उत्तरेकडचा भाग, नॉर्डश्लाइफे, सुमारे २०.८ किलोमीटरचा आहे. ठरावीक दिवशी तिकीट काढून कोणीही तिथे स्वतःची गाडी नेऊ शकतो. अशा वेळी तो एकेरी टोल रस्ता मानला जातो आणि वाहतुकीचे नियम लागू राहतात. ओव्हरटेक डावीकडूनच करायचे.

म्हणून नेहमीचा विमा चालेलच, असे अनेकांना वाटते. घोळ इथेच होतो. दुसऱ्याचे नुकसान भरून देणारा विमा आणि स्वतःच्या गाडीचा विमा या वेगळ्या गोष्टी आहेत. रेसट्रॅकवरचे, काही वेळा थेट न्युर्बुर्गरिंगवरचे, नुकसान आपण देणार नाही, असे अनेक पॉलिसींत लिहिलेले असते. शर्यत किंवा वेळ मोजून केलेली फेरी तर बहुधा वगळलेलीच असते. भाड्याच्या गाडीच्या करारातही ट्रॅकवर जायला सहसा मनाई असते.

धडक बसली तर खर्च गाडीपुरता राहत नाही. वाकलेले कठडे, ओढून नेणारी गाडी, साफसफाई, ट्रॅक बंद राहिल्याची भरपाई, हे सारे चालकाकडून वसूल होऊ शकते. तेल सांडून मागची गाडी घसरली तर प्रकरण फार गंभीर होते. जर्मन कायद्यात गाडीच्या मालकावर, त्याची चूक नसतानाही, जबाबदारी येऊ शकते.

तिथे जाणार असाल, तर विमा कंपनीला ट्रॅकचे नाव कळवून लेखी उत्तर घ्या. फोनवरच्या आश्वासनावर विसंबू नका.