नाव बदलले म्हणून माल बदलत नाही

पुण्याहून आळंदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिघी लागते. या भागात लष्कराची व संरक्षण संशोधनाची आवारे आहेत आणि शेजारीच भोसरीची औद्योगिक वसाहत आहे. दिघीच्या आतल्या गल्ल्यांत, पत्र्याच्या शेडमध्ये, वेल्डिंग, बेंडिंग आणि फॅब्रिकेशनची लहान-लहान वर्कशॉप चालतात. चाकणच्या मोठ्या कारखान्यांचे काम हातोहात उतरत शेवटी अशाच शेडपर्यंत पोहोचते. आपल्या समाजातील अनेक टर्नर, फिटर आणि वेल्डर याच धंद्यात घाम गाळून उभे राहिले आहेत. त्यांच्यापैकी एका तरुण भाईची हकीकत आज वाचकांपुढे ठेवावीशी वाटते. त्यांचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही.

या भाईंना चाकणच्या एका पार्टीकडून ब्रॅकेटचे जॉबवर्क मिळाले. पार्टीने ड्रॉइंगची फाइल पाठवली. तिच्या नावाच्या शेवटी टिंब आणि 'डीडब्ल्यूजी' ही अक्षरे होती. पत्रा लेझरवर कापून घ्यायचा होता. लेझरवाल्याने सांगितले, "आम्हाला डीएक्सएफ पाठवा." भाईंनी फाइलवर क्लिक केले, शेवटची तीन अक्षरे खोडली, तिथे 'डीएक्सएफ' लिहिले आणि रात्रीच फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवून दिली. नाव बदलताना संगणकाने इशारा दिला होता की असे केल्यास फाइल निकामी होऊ शकते. त्यांनी 'होय' दाबले. सकाळी लेझरवाल्याच्या संगणकावर फाइल उघडेना. फोनाफोनीत दुपार झाली, मशीनवर दुसऱ्या पार्टीचा पत्रा चढला, माल दोन दिवस उशिरा गेला आणि पुढची ऑर्डर हातची गेली. भाई आम्हाला म्हणाले, "काम येत नव्हते असे नाही. तीन अक्षरांनी घात केला."

चूक समजण्यासारखी आहे. म्हणूनच तिचे कारण नीट समजून घेतले पाहिजे.

शेवटची अक्षरे म्हणजे काय?

फाइलच्या नावातील टिंबानंतरच्या अक्षरांना एक्स्टेन्शन म्हणतात. ही पद्धत फार जुनी आहे. एमएस-डॉसच्या काळी नावाला आठ अक्षरे आणि पुढे टिंब देऊन तीन अक्षरे एवढीच जागा असे. ती तीन अक्षरे म्हणजे डब्यावरची चिठ्ठी. विंडोज ती चिठ्ठी वाचते आणि फाइल कोणत्या प्रोग्रॅमच्या हाती द्यायची ते ठरवते. डब्यात काय भरले आहे, याच्याशी चिठ्ठीचा संबंध लिहिणाऱ्याच्या इमानदारीपुरताच. तेलाच्या डब्यावर 'तूप' लिहिले तर गिऱ्हाईक फसेल, पण तेलाचे तूप होणार नाही.

आतला माल ओळखण्याची खूण आतच असते. कोणतीही पीडीएफ फाइल नोटपॅडमध्ये उघडा. अगदी सुरुवातीला टक्क्याचे चिन्ह आणि 'पीडीएफ' ही रोमन अक्षरे दिसतील. वर्डच्या आणि एक्सेलच्या २००७ नंतरच्या फाइलींच्या आरंभी 'पी' आणि 'के' ही अक्षरे असतात, कारण त्या आतून झिप फाइलीच आहेत; ही अक्षरे झिपचे जनक फिल कॅट्झ यांच्या नावाची आहेत. डीडब्ल्यूजी फाइलच्या प्रारंभी 'एसी' ही अक्षरे व पुढे चार आकडे असतात. १०१५ असेल तर ती ऑटोकॅड २००० च्या पद्धतीची, १०३२ असेल तर २०१८ च्या. मात्र असे डोकावल्यावर फाइल 'सेव्ह' न करता बंद करावी, नाहीतर ती खरोखरच बिघडेल.

डीडब्ल्यूजी आणि डीएक्सएफ

ऑटोकॅड १९८२ साली बाजारात आले. डीडब्ल्यूजी हे त्याचे स्वतःचे दफ्तर. त्यातील नोंदी त्याच्या खास पद्धतीने, माणसाला न वाचता येणाऱ्या रूपात बांधलेल्या असतात. डीएक्सएफ हे दुसऱ्या प्रोग्रॅमशी देवाणघेवाण करण्यासाठी काढलेले दफ्तर. ते बहुधा साध्या मजकुरात असते: ही रेघ, तिचा आरंभ इथे, शेवट तिथे, हे वर्तुळ, याची त्रिज्या इतकी. दोन्हींत चित्र एकच असले तरी लिहिण्याची रीत निराळी. उर्दू मजकुराच्या वहीवर 'मराठी' असे लिहिले म्हणून आतला मजकूर मराठी होत नाही. कोणीतरी बसून तर्जुमा करावा लागतो. फाइलचा तर्जुमा म्हणजे कन्व्हर्शन, आणि ते दोन्ही रीती जाणणारा प्रोग्रॅमच करू शकतो.

फोटोची गोष्ट तर आणखी निराळी. ड्रॉइंगचा मोबाइलवर काढलेला जेपीजी फोटो म्हणजे नुसते रंगीत ठिपके. त्यात रेघ कुठे सुरू झाली, भोकाचा व्यास किती, हे लिहिलेलेच नसते. लेझरच्या मशीनला तर नेमके तेच हवे असते. अशा वेळी ड्रॉइंग नव्याने काढणे, किंवा ट्रेस करून प्रत्येक माप तपासणे, याला पर्याय नाही.

कधी कधी चालते, ते का?

काही वाचक म्हणतील, "आम्ही नाव बदलून फोटो चालवला आहे." खरे आहे. काही प्रोग्रॅम चिठ्ठीवर विश्वास न ठेवता आतली खूण पाहतात आणि फाइल उघडून देतात. म्हणजे फाइल बदलली नाही. प्रोग्रॅम शहाणा निघाला. 'जेपीजी' आणि 'जेपीईजी' ही तर एकाच प्रकाराची दोन नावे. पण हीच सवय लेझर कटिंगवाल्याकडे किंवा सरकारी पोर्टलवर नेली की नडते. जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागू झाला. त्याच्या विवरणासाठी सरकारी ऑफलाइन टूल एक्सेलमधील नोंदींवरून 'जेसन' फाइल तयार करून देते. एक्सेलच्या फाइलचे नुसते नाव 'जेसन' ठेवले तर पोर्टल ती घेणार नाही.

डीटीपीवाल्या बांधवांना हा अनुभव वेगळ्या रूपात आलेला आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मराठी लग्नपत्रिकेचा फॉन्ट बदलून युनिकोडचा 'मंगल' केला की निरर्थक चिन्हे उमटतात. इनपेजच्या जुन्या आवृत्तीतील उर्दू मजकूर तसाच वर्डमध्ये चिकटवला तरी हीच गत. तिथेही वरचे नाव बदलले, आतले संकेत तेच राहिले. त्यासाठी कन्व्हर्टरच वापरावा लागतो.

मग करावे काय?

पहिले, फाइल ज्या प्रोग्रॅममध्ये बनली त्यातच उघडून 'सेव्ह अॅज' किंवा 'एक्स्पोर्ट' करावे आणि तिथे हवा तो प्रकार निवडावा. आपल्याकडे तो प्रोग्रॅम नसेल तर पार्टीलाच डीएक्सएफ मागावी; यात कमीपणा नाही. 'ओडीए फाइल कन्व्हर्टर' हा विनामूल्य प्रोग्रॅम डीडब्ल्यूजीची डीएक्सएफ करून देतो.

दुसरे, समोरच्याकडे कोणती आवृत्ती चालते ते विचारावे. नव्या पद्धतीची फाइल जुन्या प्रोग्रॅमला वाचता येत नाही, शेवटची अक्षरे तीच असली तरी.

तिसरे, कन्व्हर्शन झाल्यावर एक ठळक माप तपासल्याशिवाय पत्र्याला हात लावू नये. इंच आणि मिलिमीटरचा गोंधळ झाला तर जॉब २५.४ पट लहान किंवा मोठा होतो. फाइलसोबत एकूण लांबी-रुंदी आणि एकक लिहून पाठवावे.

चौथे, मूळ फाइल जशीच्या तशी वेगळी जपून ठेवावी.

पाचवे, विंडोज बहुधा ही शेवटची अक्षरे लपवून ठेवते. ती दिसतील अशी सेटिंग करून घ्यावी. मे २००० मध्ये जगभर धुमाकूळ घालणारा 'आय लव्ह यू' व्हायरस याच आडपडद्याचा फायदा घेऊन पसरला. नावात 'टीएक्सटी' दिसत होते, त्यामागे लपलेली खरी अक्षरे 'व्हीबीएस' होती. लोकांनी साधे पत्र समजून विषारी प्रोग्रॅम उघडला.

आणि शेवटचे. घाईघाईत कोणत्याही वेबसाइटवर पार्टीचे ड्रॉइंग चढवून कन्व्हर्ट करू नये. ते ड्रॉइंग आपल्या मालकीचे नाही, आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे.

नाप-तोल पुरा द्या, ही ताकीद आपल्याला लहानपणापासून मिळते. आजच्या धंद्यात तराजूच्या जोडीला फाइलही आली आहे. चिठ्ठीवर जे लिहिले तेच डब्यात असावे, एवढीच तिची मागणी आहे. दिघीच्या त्या भाईंनी आता भिंतीवर एक कागद लावला आहे: 'आधी उघडून पाहा, मग पाठवा.' जुन्या पार्टीचा फोन अजून आलेला नाही. पण नव्या पार्टीचे पहिले काम वेळेवर गेले. अलहम्दुलिल्लाह!