परसबागेचे वर्ष आणि विहिरीचे माप

गोव्यातील बहुतेक गावांत घरामागे थोडेफार परस असते. दोन-चार माड, एखादा फणस, न्हाणीच्या सांडपाण्यावर पोसलेली केळ आणि शेजारी अळवाचा वाफा हे चित्र पेडण्यापासून काणकोणपर्यंत सारखेच आढळते. असे असूनही बाजारातील भाजीचा मोठा वाटा बेळगावहून चोर्ला घाटमार्गे येतो. पावसात रस्ता खोळंबला किंवा घाटमाथ्यावर पीक बिघडले की त्याची झळ लागलीच घरोघरच्या स्वयंपाकाला बसते. परसबागेमुळे ही आवक थांबेल असे मानण्याचे कारण नाही. कांदे, बटाटे व कोबी बाहेरूनच यावयाचे. परंतु मिरची, वांगी, भेंडी, पालेभाज्या व वेलभाज्या यांच्या बाबतीत चार-पाच माणसांच्या कुटुंबाची गरज ५० ते १०० चौरस मीटर जागेत बऱ्याच अंशी भागू शकते.

अडचण वेगळीच असते. दिवाळीनंतर हौसेने लावलेली बाग शिगम्याच्या सुमारास माना टाकू लागते. वांग्याला फुले येतात तीच गळतात आणि एप्रिलमध्ये वाफ्यांत काड्या तेवढ्या उरतात. दोष बहुधा जांभ्या मातीला दिला जातो. माती हलकी व आम्ल आहे हे खरेच, पण बाग वाळते ती विहीर आटल्यामुळे; आणि विहीर किती आटणार हे लागवडीपूर्वी कोणी मोजलेले नसते.

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो व तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जांभा दगड सच्छिद्र असल्याने विहिरी झपाट्याने भरतात. २४ जूनला सांजावाच्या दिवशी तरुण मंडळी विहिरींत उड्या घेतात, त्या वेळेपर्यंत कित्येक ठिकाणी पाणी पुष्कळ वर आलेले असते. मात्र ज्या वाटेने पाणी येते त्याच वाटेने ते उतारावर निघूनही जाते, आणि मे महिन्यात त्याच विहिरीत घागर बुडण्याची पंचाईत पडते. म्हणून बागेचे क्षेत्र ठरवावे ते मे महिन्यातील विहिरीवरून.

माप घेण्याची रीत सोपी आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी संध्याकाळचे पाणी भरून झाल्यावर दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी पाहावी व दोरीला गाठ मारावी. सकाळी पाणी काढण्यापूर्वी पुन्हा पाहावे. दोन मीटर व्यासाच्या गोल विहिरीत एक वीत, म्हणजे सुमारे २३ सेंटिमीटर पाणी चढले असेल, तर रात्रभरात ७२० लिटरच्या आसपास भर पडली असे समजावे. त्यातून घरखर्चाचे, समजा ४०० लिटर वजा केले तर ३२० लिटर उरतात. उन्हाळ्यात भाजीच्या एका चौरस मीटरला दिवसाला चार ते सहा लिटर पाणी लागते. म्हणजे अशा विहिरीवर मेअखेरपर्यंत साठेक चौरस मीटर बाग तगेल, शंभर नव्हे. दिवसा भरणारे पाणी हिशेबात धरू नये. ते अडीअडचणीला राखून ठेवावे. जवळपास नवा पंप बसला असेल तर हे माप दरवर्षी नव्याने घेणे इष्ट.

याचा अर्थ उरलेली जागा ओसाड ठेवावी असा नाही. वांगी व मिरची ही पिके नोव्हेंबरपासून मेपर्यंत जागा अडवून बसतात, तेव्हा ती मापातल्या साठ मीटरांतच लावावीत. बाकीच्या चाळीस मीटरांत अशी पिके घ्यावीत जी फेब्रुवारीपर्यंत आटोपतात. तांबडी भाजी २५ ते ३० दिवसांत काढणीस येते, मुळा ४० ते ४५ दिवसांत. ही दोन्ही एकदम न पेरता दर पंधरवड्याला एकेक वाफा पेरला, तर घरात भाजी तुटत नाही आणि एकाच आठवड्यात वायाही जात नाही. भातकापणीनंतर शेतात ओल असेल तेथे अळसांदे घ्यावेत. त्यांना पाणी बेताचे पुरते आणि मुळांवरील गाठींमुळे जमिनीला नत्र मिळते.

पावसाळ्याचे गणित याच्या उलट. तेव्हा पाणी द्यावयाचे नसून घालवावयाचे असते. वाफे उताराला आडवे, २० ते ३० सेंटिमीटर उंचीचे करावेत व मध्ये चर ठेवावेत. भेंडी, दोडका, काकडी, पडवळ, कारले यांचे बी रोहिणी नक्षत्रात, मेअखेरीस, हाताने थोडे पाणी घालून टोकल्यास मृगाच्या सरी येईपर्यंत रोपे मूळ धरतात. जुलैच्या मुसळधारेत उगवलेले कोवळे रोप बहुधा टिकत नाही. खतही एकदम घालू नये, कारण अर्धेअधिक वाहून जाते; शेणखत व पेंड दर तीन आठवड्यांनी थोडी थोडी द्यावी. जूनमध्ये लावलेली भेंडी ४५ ते ५५ दिवसांत धरू लागते, म्हणजे चतुर्थीला घरची भेंडी हाती येते. काणकोण तालुक्यातील खोला येथील डोंगरउतारावर तर मिरचीच पावसावर घेतली जाते.

वेलांना फुले भरपूर पण फळ नाही ही पावसाळ्यातील नेहमीची तक्रार. सतत पाऊस असला की मधमाश्या बाहेर पडत नाहीत व परागीभवन होत नाही. अशा वेळी नरफूल तोडून त्याचे पराग मादीफुलाला हाताने लावावेत. मादीफुलाच्या मागे इवलेसे फळ असते, त्यावरून ते ओळखता येते. भोपळा व काकडी यांची फुले सकाळी उमलतात, दोडका व दुधी यांची संध्याकाळी. वेळ चुकली तर श्रम फुकट जातात. फळमाशीने डंख केलेली काकडी किंवा कारली बांधावर भिरकावण्याची सवय मोडली पाहिजे. त्यांतील अळ्या मातीत शिरून पुन्हा माश्याच होतात. अशी फळे निदान अर्धा मीटर खोल पुरावीत व क्यू ल्यूरचे सापळे टांगावेत.

हिवाळी रोपांसाठी सप्टेंबरअखेरीस गादीवाफ्यावर बी टाकावे; २५ ते ३० दिवसांत रोपे लावणीस येतात. या हंगामातील मोठा शत्रू म्हणजे वांगी व टोमॅटो यांवरील जिवाणूजन्य मर. हिरवेगार झाड एक-दोन दिवसांत मान टाकते. पाणी कमी पडले म्हणून झाले असे समजून घरधनी आणखी पाणी घालतो आणि रोग शेजारच्या झाडांकडे वाहून नेतो. ओळखण्यासाठी बुंध्याजवळचा तुकडा कापून काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात उभा धरावा. काही मिनिटांत कापातून दुधासारखे धागे उतरू लागले तर मर निश्चित. असे झाड मुळासकट उपटून जाळावे. त्या वाफ्यात पुढील दोन-तीन वर्षे वांगी, टोमॅटो, मिरची लावू नये. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने काढलेले अर्का केशव व अर्का निधी हे वांग्याचे आणि अर्का रक्षक हा टोमॅटोचा वाण या रोगाला पुष्कळ अंशी दाद देत नाहीत. आम्ल मातीला चुना किती द्यावयाचा हे मात्र माती तपासूनच ठरवावे. त्यासाठी तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयाशी संपर्क साधावा.

फळझाडांना कडेची जागा द्यावी, म्हणजे वाफ्यांवर सावली येत नाही. केळ न्हाणीच्या पाण्यावर ठेवावी, मात्र प्रत्येक झाडाजवळ एकच मुनवा राखावा. सगळे मुनवे वाढू दिले की घड लहान पडतात. पपई उंचवट्यावरच लावावी, कारण बुंध्याशी दोन दिवस पाणी साचले तरी ती कुजते. अननस माडाच्या विरळ सावलीत चालतो. माकडांचा बंदोबस्त कोणत्याही पत्रकाने झालेला नाही. जेथे त्यांचा उपद्रव फार आहे तेथे सुरण, हळद, आले व मिरची यांवर भर द्यावा. यांच्या वाटेला ती सहसा जात नाहीत. हळदीची पाने श्रावणात पातोळ्यांनाही उपयोगी पडतात.

शाळेच्या बागेची अडचण मे महिन्याच्या सुट्टीची आहे. पाणी घालणारे कोणी नसताना वांगी लावून ठेवण्यापेक्षा जून ते फेब्रुवारी एवढेच वर्ष धरावे. विहिरीचे माप मात्र मुलांकडून जरूर घ्यावे. वर्तुळाचे क्षेत्रफळ व घनफळ शिकविण्यास याहून सोयीचे उदाहरण मिळणार नाही.

फेब्रुवारीनंतर नवी पेरणी बंद करून राहिलेल्या झाडांच्या बुडाशी पेंढा, वाळलेला पाला किंवा नारळाची सोडणे पसरावीत. पाणी सकाळी लवकर द्यावे.

बियाण्याबाबत एक चूक सर्रास होते. खाऊन, वाटून जे शेवटी वेलावर राहते तेच बियाण्यासाठी ठेवले जाते. ते उशिराचे, खुरटलेले फळ असते व त्याचेच गुण पुढे उतरतात. बियाण्याचे झाड हंगामाच्या सुरुवातीलाच हेरून त्याला चिंधी बांधावी आणि दुसऱ्या-तिसऱ्या तोड्याची फळे त्यावर पिकू द्यावीत. गोव्याची सात शिरांची भेंडी काही घरांतून पाच शिरांची निघू लागली आहे, कारण बाजारातील भेंडी तिच्या शेजारी लावली जाते व मधमाश्या पराग मिसळतात. ज्यांना जुने बी राखावयाचे आहे त्यांनी त्या वर्षी परसात दुसरी भेंडी लावू नये. संकरित वाणाचे बी मात्र धरण्यात अर्थ नाही. चांगले बी सावलीत वाळवून, राख मिसळून, कोरड्या बाटलीत घट्ट बूच लावून ठेवावे आणि बाटलीवर वाणाचे नाव व वर्ष लिहावे.