बाजार पाहावयास जाताना

सहल म्हटली की किल्ले, धबधबे, लेणी व धरणे यांचीच नावे आपल्या डोळ्यांपुढे येतात. आठवड्याच्या बाजारास सहलीला जावे असे कोणी सुचविले तर आपणांस हसू येते. बाजार म्हणजे पिशवी घेऊन जावयाची जागा. तेथे पाहावयाचे ते काय? परंतु यंदा आमच्या वर्गाने शनिवार व रविवार असे दोन दिवस नृसिंहवाडी व तिच्या आसपासच्या बाजारपेठा पाहण्यात घालविले, आणि तेथे पुष्कळ शिकण्यासारखे आहे अशी आमची खात्री झाली. जे समजून घेता आले ते येथे क्रमाने मांडीत आहोत.

प्रथम वाटाड्याविषयी. आमच्या शिक्षकांनी कोणी पंडित न शोधता, कित्येक वर्षे डोक्यावर बुट्टी घेऊन बाजार करणाऱ्या एका वृद्ध आक्कांस बरोबर येण्याची विनंती केली. त्यांचा पहिला पाठ असा होता : “लेकरांनो, आधी भाव इचारा, मग जिन्नस हातात धरा.” बाजारातील पहिली विक्री म्हणजे भवानी. भवानी होण्यापूर्वी माल उगाच चिवडून निघून जाणारे गिऱ्हाईक कोणासही आवडत नाही, हे आम्हांस तेथेच कळले.

आठवड्याच्या बाजाराची रचना मोठी चतुर आहे. लहान गावात रोज दुकान मांडावे इतके गिऱ्हाईक नसते. म्हणून गावाने आठवड्यातील एक वार नेमून घेतलेला असतो. शेजारच्या गावाचा वार बहुधा निराळा असतो. त्यामुळे बांगड्या, भांडी, मसाले वा कापड विकणारा व्यापारी आज एका गावी तर उद्या दुसऱ्या गावी पाल ठोकतो, आणि सात दिवसांत त्याची फेरी पुरी होते. उलट, शेतकरी आपल्या जवळच्याच बाजारास येतो. माल विकतो आणि त्याच पैशातून मीठ, तेल, वह्यापेन्सिली घेऊन परततो. म्हणून सहलीस निघण्यापूर्वी त्या त्या गावाचा बाजारवार विचारून घ्यावा, नाहीतर रिकामे ओटे पाहून परत यावे लागेल.

नृसिंहवाडीची गोष्ट थोडी निराळी आहे. कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमावरील हे दत्तक्षेत्र शिरोळ तालुक्यात आहे. येथील बाजार यात्रेकरूंवर चालतो. गुरुवारी व पौर्णिमेस गर्दी होते, दत्तजयंतीस ती फार वाढते. आणि गुरू कन्या राशीत येतो तेव्हा, म्हणजे सुमारे १२ वर्षांनी, कन्यागताचे पर्व भरते. यापूर्वीचे कन्यागत २०१६ साली झाले. मंदिराकडे जाणाऱ्या वाटेवर पेढे, बासुंदी, खवा व कवठाची बर्फी यांची दुकाने ओळीने लागतात. ही दुकाने येथेच का, असा प्रश्न आम्ही विचारला. नदीकाठी वैरण मुबलक, म्हणून दूध मुबलक. पण दूध काही तासांत नासते. तेच आटवून खवा केला की ते हलके होते व काही दिवस टिकते. पेढा केला की यात्रेकरूच्या पिशवीतून परगावीही जाते. कवठ हे तर आंबटगोड फळ. साखर घालून त्याच्या गराची बर्फी केली म्हणजे तेही प्रवासास योग्य होते. सारांश, नाशवंत जिन्नस टिकाऊ करणे ही येथील बाजाराची मुख्य विद्या होय.

पंचगंगेचा पूल ओलांडला की कुरुंदवाड लागते. पटवर्धनांच्या संस्थानाचे हे गाव १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले. या भागात मराठी व कानडी या दोन्ही भाषा कानी पडतात, आणि विक्रेते गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून भाषा बदलतात. येथील मळ्यांतील भाजी, कृष्णाकाठची वांगी, खिरीसाठी वा हुग्गीसाठी लागणारा खपली गहू हे सर्व बाजारात दिसते. जुनी माणसे अजूनही बोलण्यात पायली व शेर ही नावे घेतात. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर व चार शेरांची एक पायली, असा तो हिशेब. तराजूवर मात्र आता किलोच चालतो.

आता ज्या गोष्टीने आम्हांस विचार करावयास लाविले ती सांगतो. सायंकाळी बाजार स्वस्त होतो, हे आपण सर्व जाणतो, आणि उशिरा जाऊन स्वस्तात भाजी आणली याचा पुष्कळांना अभिमानही वाटतो. आक्कांनी त्याचे कारण सांगितले : उरलेली भाजी परत नेली तरी ती सकाळी सुकलेली असते, म्हणून मिळेल त्या भावाला ती द्यावी लागते. आम्ही वर्गात त्याचे एक उदाहरण सोडविले. समजा, एका बाईने मेथीच्या ४० पेंढ्या आणल्या. दुपारपर्यंत २५ पेंढ्या १० रुपयांप्रमाणे गेल्या. २५० रुपये आले. उरलेल्या १५ पेंढ्या सायंकाळी ५ रुपयांनी गेल्या. ७५ रुपये आले. एकूण ३२५ रुपये. बियाणे, मजुरी, गाडीभाडे व बाजाराची पावती मिळून २५० रुपये खर्च धरला तर दिवसभर उन्हात बसून तिच्या पदरी ७५ रुपये पडतात. आता सायंकाळच्या गिऱ्हाइकांनी घासाघीस करून ५ ऐवजी ३ रुपयांनीच पेंढ्या नेल्या, तर तिच्या हाती ४५ रुपये उरतील. आपल्या लेखी पेंढीमागे दोनच रुपये. तिच्या लेखी दिवसाच्या कमाईतील ४० टक्के! हे गणित आमच्या पुस्तकातील नफातोट्याच्या कोणत्याही उदाहरणाहून अधिक दिवस आमच्या ध्यानात राहील.

दुसऱ्या दिवशी शिरोळमार्गे आम्ही जयसिंगपुरास गेलो. हे गाव शाहू महाराजांनी आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावे वसविले. त्याचे रस्ते एकमेकांस काटकोनात छेदतात. व्यापारासाठी आखून वसविलेली पेठ कशी असते ते येथे स्पष्ट दिसते. कोल्हापूर ते मिरज हा लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला, आणि १८९५ साली कोल्हापुरात गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी पेठ वसली. रेल्वे आली की तिच्याजवळ पेठ येते, हा नियम या दोन्ही उदाहरणांवरून समजतो. घाऊक व्यापारात पूर्वी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत. शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्यासही आपल्या मालाचा भाव कळत नसे. बाजार समितीच्या आवारात आता उघड लिलावाचा नियम आहे. हा फरक लहान नव्हे. कारण भाव उघडपणे बोलला गेला की दुर्बळाची फसवणूक अवघड होते.

या बाजारांवर नदीची सत्ता आहे हेही विसरता येत नाही. पावसाळ्यात वाडीच्या मंदिरात पाणी शिरते आणि भाविक दक्षिणद्वारी स्नान करितात. तो सोहळाच मानला जातो. परंतु २००५, २०१९ व २०२१ या वर्षांचे महापूर शिरोळ तालुक्यास फार जड गेले. उभी पिके, जनावरांची वैरण, दुकानांतील माल, सर्व पाण्याखाली गेले. पूर ओसरल्यावर ज्यांना साठा वा बँकेतील रक्कम यांचा आधार नव्हता, अशांपैकी पुष्कळ जण या बाजारात जमिनीवर तरट टाकून बसणारेच होते.

असे बाजार केवळ आपल्याकडेच आहेत असे नव्हे. उत्तर व्हिएतनामात, चीनच्या सीमेजवळ, लाओ काय प्रांतात ह्मोंग नावाचे डोंगरी लोक राहतात. तेथे कान काउ येथे शनिवारी व बाक हा येथे रविवारी बाजार भरतो. म्हशी, भाज्या, मक्याची दारू आणि निळीने रंगविलेले, भरतकाम केलेले कापड तेथे येते. दूर डोंगरांतून चालत आलेल्या नातलगांची भेटही तेथेच होते. दोंग वान पठारावरील सा फिनचा बाजार तर दर सहा दिवसांनी भरतो. म्हणून दर आठवड्यास त्याचा वार एक दिवस अलीकडे सरकतो. दूरदेशचे प्रवासी वाटाड्या घेऊन दोन दिवसांत हे बाजार पाहतात. आपल्या सातपुड्यातही, धडगाव व आसपासच्या भागात, होळीपूर्वी भोंगऱ्या बाजार भरतात. बाहेरून येणाऱ्यांनी त्यांविषयी लग्नाच्या अद्भुत कथा पसरविल्या. तेथील आदिवासी मंडळी मात्र सांगतात की हा होळीच्या सामानाचा बाजार आहे, तमाशा नव्हे. नटलेली माणसे पाहून छायाचित्रे घेणे सोपे, पण ती काय विकतात, काय नेतात व घरी जाताना हाती किती उरते हे विचारल्यावाचून बाजार समजत नाही.

म्हणून अशा सहलीस जाणाऱ्या मित्रांस आमच्या चार सूचना आहेत. वाटाड्या तेथे देवघेव करणाराच निवडावा. कोणाचे छायाचित्र घेण्यापूर्वी अनुमती मागावी. रिकाम्या हाती परतू नये. थोडे का होईना, विकत घ्यावे. आणि भाव करावयाचा तर सकाळी, ढीग भरलेला असताना करावा. सायंकाळी शेवटच्या पेंढीवर करू नये. पालकांसही नम्र विनंती आहे की पुढच्या बाजारवारी पिशवीबरोबर मुलासही न्यावे, आणि घरी आल्यावर विकणाऱ्याच्या बाजूने एकदा हिशेब मांडावयास सांगावे.