परक्या मुलखातला शिधा

कोणी परदेशी निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो. "तिकडे जेवणाखाण्याचे काय?" काम कोणते, पगार किती, या चौकशा मागाहून होतात. शिकलीसवरली मंडळी या प्रश्नाला हसतात. आम्हांस तो हसण्यासारखा वाटत नाही. कामगारांत वावरताना आमच्या ध्यानात आले की या एका प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे. काय खायला मिळणार, हा पहिला. आणि ते मोजून घालणार कोण, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर माणूस वर्षा-दोन वर्षांत शोधून काढतो. दुसऱ्याचे उत्तर मिळायला कधीकधी तीन पिढ्या जातात. हे कसे होते, ते आज एका उदाहरणावरून पाहावयाचे आहे. उदाहरण आपल्याच माणसांचे, मॉरिशस बेटावर गेलेल्या मराठी कुटुंबांचे आहे.

मॉरिशस म्हणजे हिंदी महासागरातले एक लहानसे बेट. इंग्रजांच्या ताब्यातील या बेटावर साखरेसाठी ऊस लावला जाई आणि त्यात गुलाम राबत. १ फेब्रुवारी १८३५ रोजी तेथील गुलामगिरी कायद्याने संपली. गुलाम मोकळे झाले, पण ऊस तर तोडावाच लागतो! तेव्हा मळेवाल्यांनी हिंदुस्थानाकडे पाहिले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरात लागले. ते छोटा नागपूरकडचे होते. त्यानंतर १९१० पर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसे कराराने तेथे गेली. या करारालाच आपले लोक 'गिरमिट' म्हणत. कलकत्ता आणि मद्रास येथून गेलेले फार, मुंबईहून गेलेले त्या मानाने थोडे. परंतु त्या थोड्यांत कोकणातले, रत्नागिरीकडचे, बरेच होते.

आता असे एक कुटुंब डोळ्यांपुढे आणू. नवरा, बायको आणि एक मूल. नाव देण्याचे कारण नाही. अशी पुष्कळ होती. गावी हे काय खात होते? कोकण म्हटले की आपल्यापुढे भात येतो. परंतु गरीब कुळाच्या ताटात भात रोज नसे. भात पिकवावा, त्यातला मोठा हिस्सा खंडापायी खोताच्या घरी पोहोचवावा, आणि आपण नाचणी, वरी, हरीक यांवर दिवस काढावे, अशी रीत होती. भाकरीबरोबर कुळथाचे पिठले किंवा सुकी मासळी असली की जेवण झाले. तांदळाचा भात सणाला, नाहीतर पाहुणा आला तर.

या माणसाला मुंबईत दलाल भेटतो आणि कराराची कलमे सांगतो. सुरुवातीच्या करारांत पुरुषाला महिना ५ रुपये पगार असे. वर शिधा. रोजचा २ पौंड तांदूळ, अर्धा पौंड डाळ, २ औंस मीठ, थोडे तेल, थोडी चिंच. शिवाय वर्षाला धोतर, कांबळे असे कपडे. आजच्या मापाने हिशेब केला तर महिन्याला सुमारे २७ किलो तांदूळ आणि पावणेसात किलो डाळ! ज्याने भात सणासुदीला पाहिला, त्याला हे ऐकून काय वाटले असेल? लोक फसून गेले असे आपण सरसकट म्हणतो. काही फसलेही. परंतु काही जण हा आकडा नीट ऐकून गेले असले पाहिजेत. भुकेल्या माणसाला आकडा कळत नाही असे समजणे, हा त्याचा अपमान आहे.

जहाजावर पहिला धक्का बसला. तेथे चूल एकच. शेजारी कोण जेवतो, कोणाच्या हातचे आपण खातो, हे विचारायची सोय नव्हती. पोर्ट लुईला उतरल्यावर १६ दगडी पायऱ्या चढून डेपोत जायचे, एक-दोन दिवस तेथे राहायचे, कागदावर नाव चढवायचे आणि मग ज्याने मागणी केली त्या मळ्यावर जायचे. १८४९ मध्ये उभा राहू लागलेला हा डेपो आज 'आप्रवासी घाट' म्हणून ओळखला जातो, आणि २००६ साली तो जागतिक वारशाच्या यादीत गेला.

मळ्यावर आल्यावर शिध्याचे खरे रूप दिसू लागते. कागदावर शिधा भरपूर आहे. पण तो कोणासाठी? ज्याने करार केला त्याच्यासाठी. मॉरिशसला गेलेल्या बहुतेक बायका स्वतः करारात नव्हत्या. कोणाची बायको, कोणाची मुलगी म्हणून त्या गेल्या. तेव्हा एका माणसाच्या मापाने भरलेला तांदूळ चुलीपाशी येऊन तिघांत वाटला जाई. २७ किलोंचे ९ किलो झाले. ही वाटणी करणारी बाई कोणत्याही करारात दिसत नाही; पण कराराचा सगळा तुटवडा तिच्या टोपल्यात येऊन पडतो.

दुसरी गोष्ट खाड्याची. मॉरिशसच्या १८४७ च्या कायद्याने एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापण्याची मुभा मालकाला मिळाली. तिला 'दुहेरी कपात' म्हणत. आजारी पडलेला माणूस महिनाअखेरीस मालकाचेच देणे लागे! पगार असा गळून गेला की हाती उरे तो शिधा. आणि शिध्याचे कोठार मालकाचे, माप मालकाचे, तांदूळ किडका की चांगला हे ठरवणाराही मालकाचाच माणूस. ज्याच्या मापाने पोट भरते त्याच्याशी भांडायला जीभ उचलत नाही. साखळी लोखंडाचीच असावी लागते असे थोडेच आहे?

येथे मालकाची बाजूही मांडली पाहिजे. वस्तूंच्या रूपाने दिलेल्या वेतनाचा एक फायदा असतो. धान्य महागले तर महागाईची झळ मालकाला बसते, मजुराला नाही. मुंबईच्या गिरणी कामगाराने महागाई भत्त्यासाठी केवढे झगडे केले, ते आपण जाणतो. शिधा म्हणजे एका अर्थी न भांडता मिळालेला महागाई भत्ताच. हे खरे आहे. तरीही शहाणा कामगार रोख पैसाच मागतो. कारण रोख पैसा हाती असला की या दुकानी पटले नाही तर त्या दुकानी जाता येते, आणि मालकाशी बिनसले तरी आठवडाभर चूल पेटती ठेवता येते. जो पायच उचलू शकत नाही, त्याच्या पोटाची हमी घेणे मालकाला फारसे महाग पडत नाही.

याच कोकणातला दुसरा भाऊ पुढे मुंबईस गिरणीत आला. त्याचे जेवण खाणावळीत. खाणावळवाली बाई त्याच्यासारखीच गरीब. महिनाभर उधारीवर जेवू घालायची आणि पगाराच्या दिवशी पैसे घ्यायची. संप झाला तर तिचेही हाल होत, पण ताट एकदम बंद होत नसे. अशाच बायकांना एकत्र करून कामगार चळवळीतल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभे केले. दोन्ही भाऊ परक्या ठिकाणी परक्या हातचे जेवत होते. फरक एवढाच की एकाला वाढणारा हात त्याच्याच पंक्तीतला होता.

मॉरिशसच्या बाईने काय केले, ते आता पाहू. मळ्यावरच्या वस्तीत झोपडीभोवती जी वीतभर जागा मिळाली, तिच्यात तिने भाजी लावली. सुदैवाने तिला ओळखीची झाडे भेटली. अळू होते, शेवगा होता, भेंडी, कारले, पडवळ, भोपळा होता. नावे मात्र बदलली. बेटावरच्या क्रिओल बोलीत पालेभाजीला 'ब्रेद' म्हणतात. अळू झाले 'ब्रेद सोंज', शेवग्याचा पाला झाला 'ब्रेद मुरुम', भेंडी झाली 'लालो', कारले झाले 'मार्गोझ'. पाटा-वरवंट्याला तेथे 'रोश कारी' म्हणतात, म्हणजे कालवणाचा दगड. चटणी झाली 'सातिनी'. दगड तोच, वाटणाराही हात तोच. शब्द तेवढा शेजाऱ्याचा.

शेजारही बहुरंगी होता. एका बाजूस भोजपुरी, दुसऱ्या बाजूस तमिळ, तेलुगू, पलीकडे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांची लेकरे. कोणाकडून टोमॅटोचे 'रुगाय' उचलले, कोणाला चटणी शिकवली. वाटाण्याच्या डाळीचे सारण भरलेली पातळ पोळी, 'दाल पुरी', ही आज त्या बेटाची ओळख झाली आहे. रस्त्यावर ती जोडीने विकली जाते आणि सर्व जातिधर्मांचे लोक उभ्याने खातात. आपल्या पुरणपोळीच्या या तिखट बहिणीत काही थाटामाटाचे नाही. शिध्यातल्या डाळीला निरनिराळी रूपे देत देत गरिबांच्या स्वयंपाकघरांनी ती रूढ केली. राजवाड्यातले पक्वान्न देशाचे अन्न झाल्याची उदाहरणे थोडी. मजुराच्या डब्यातले झाल्याची पुष्कळ सापडतील.

भाजीपाठोपाठ गाय आली, दूध विकण्याइतके होऊ लागले. करार संपलेल्यांवर अंकुश ठेवण्यासाठी १८६७ च्या कायद्याने छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगण्याची सक्ती केली. रस्त्याने हिंडणाराही भटक्या म्हणून पकडला जाई. त्याविरुद्ध १८७१ मध्ये नऊ हजारांहून अधिक लोकांनी अर्ज केला. तो तयार करण्यास आदोल्फ द प्लेव्हित्झ नावाच्या एका गोऱ्याने साहाय्य केले, आणि १८७२ मध्ये चौकशीसाठी शाही आयोग आला. पुढे साखरेचे भाव पडले तेव्हा मळेवाल्यांनी कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकल्या. त्या घेणाऱ्यांत जुने गिरमिटिये पुष्कळ होते. दूध, भाजी आणि काटकसर यांतून साठलेला पैसा तेथे लागला. ज्या कुटुंबाला शिधा मोजून मिळत होता, त्याच्या नातवंडांनी स्वतःच्या जमिनीत ऊस लावला.

एक नवी वही मात्र दारात आली. चिनी दुकानदार उधारीवर माल देई, त्याची नोंद 'कार्ने' नावाच्या छोट्या वहीत होई आणि ऊसतोडणीच्या हंगामात हिशेब चुकता होई. हेही बंधनच, पण वाणी आणि मालक हे आता दोन निराळे इसम झाले, ही लहान गोष्ट नाही.

तरीही माप पुरते सुटले नव्हते. बेटाने जमीन उसाला दिलेली. तांदूळ बाहेरून येई. १९३७ मध्ये लहान शेतकऱ्यांच्या उसाचा भाव कापला गेला, दंगे झाले, गोळीबारात माणसे मेली; त्यानंतर १९३८ मध्ये कामगारांना संघटना करण्याचा कायदा मिळाला. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तेथला तांदूळ बंद झाला. शंभर वर्षे भात खाणाऱ्या लोकांना मका आणि कसावाचे कंद खावे लागले. या टंचाईत बेल व्ह्यू हारेल येथील मजुरांनी पगारासाठी संप केला. २७ सप्टेंबर १९४३ रोजी पोलिसांनी गोळ्या झाडल्या. चार जण मेले. त्यांत अंजलाय कुपेन ही गरोदर मजूर बाई होती. आज तेथील एका क्रीडांगणाला तिचे नाव आहे. चुलीपाशी वाटणी करणारी जी बाई करारात कोठेच नव्हती, ती शेवटी इतिहासात आली ती अशी!

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले. तेथील मराठी घरांत आज बहुधा क्रिओल बोलली जाते. मराठी शाळेत शिकावी लागते. परंतु गणेशचतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते, आणि कोकणची जाखडी 'झाकडी' म्हणून तेथे नाचली जाते. काय टिकले आणि काय गेले, याचा विचार करता आम्हांस असे दिसते की जे बायकांच्या हाती आणि अंगणाच्या मापात होते, ते टिकले.

ही जुनी गोष्ट सांगण्याचे कारण जुने नाही. ज्या बेटावर आपले लोक गिरमिटावर गेले, तेथे आता कापड-कारखान्यांत आणि बांधकामांवर बांगलादेश, नेपाळ, मादागास्कर आणि भारतातूनही मजूर कराराने येतात. आखाती देशांत आपली मुले जातात. त्यांच्याही कागदावर एक ओळ असते: जेवण व राहणे मोफत. ती ओळ वाचून घरचे लोक निर्धास्त होतात. मंडळी, ती ओळ वाचून थांबू नका. जेवणाऐवजी रोख भत्ता मागता येतो काय? आजारपणाच्या दिवसांत जेवण चालू राहते काय? खोलीवर स्वतः चूल पेटवण्याची मोकळीक आहे काय? आणि जेवण वाईट निघाले तर तक्रार कोणाकडे, मालकाकडे की मालकाबाहेरच्या कोणाकडे? हे चार प्रश्न सहीपूर्वी विचारा. आपल्याकडे उत्प्रवाशांचा संरक्षक १९८३ च्या कायद्यात आहे. त्याचे कार्यालय याच कामासाठी असते, तेथे जाण्यास संकोच करू नका.

परक्या देशाचे अन्न अंगी लागते, त्याची भीती नको. नाचणीवर वाढलेली माणसे भातावर रुळली आणि गरज पडली तेव्हा मक्यावरही जगली. मुलाला निरोप देताना लोणच्याची बरणी अवश्य बांधून द्या. पण करार एकदा मोठ्याने वाचून घ्या, आणि वाचताना त्याच्या आईला जवळ बसवा. वाटणीचा हिशेब तिला आपणां सर्वांपेक्षा चांगला कळतो.