मूल नसण्याआधीची गोष्ट

एखाद्याला मूल नाही म्हटलं, की आपल्याला आधी आठवतो डॉक्टर. फिनलंडमधले लोकसंख्या-अभ्यासक मात्र आधी विचारतात: जोडीदार कधी मिळाला, आणि साथ किती टिकली?

तिथे प्रत्येकाच्या पत्त्याची सरकारी नोंद असते. त्यामुळे लग्न नसलं तरी कोण कधी एकत्र राहू लागलं, कधी वेगळं झालं, याचा अंदाज येतो. आयुष्यभर अपत्यहीन राहिलेल्यांपैकी बरेचजण कधीच कुणासोबत राहिले नव्हते, किंवा त्यांचं सहजीवन अल्पकाळाचं होतं. कमी शिकलेल्या पुरुषांमध्ये जोडीदारच न मिळण्याचं प्रमाण अधिक.

असं का? मुलाचा विचार बहुधा नातं स्थिरावल्यावरच होतो. दही लागायला भांडं काही तास न हलवता ठेवावं लागतं, तसंच हे. नातं तुटलं की विरजण नव्यानं लावायचं. वय मात्र थांबत नाही. अशा माणसाला ‘मूल का नको?’ विचारणं मला अन्यायाचं वाटतं. त्याला ते हवंही असेल.

फिनलंडचा एकूण जननदर 2010 मध्ये दर स्त्रीमागे 1.87 मुलं इतका होता, 2023 मध्ये 1.26. ही घट मुख्यतः पहिल्याच बाळाच्या टप्प्यावर झाली आहे, म्हणून मूल नसण्याआधीची ही गोष्ट विचारायला हवी.