मिक्सरचं चोरटं रेडिओ स्टेशन!

आजोबांच्या कपाटावर जुना टू-इन-वन आहे का? कॅसेटही वाजवतो आणि रेडिओही! काढ खाली. त्याची दोन दुखणी आपण बरी करू.

दुखणं पहिलं: गाणं घोगरं येतंय!

कॅसेटचं झाकण उघड. आत धातूचा चकचकीत ठोकळा दिसला? तो हेड. कॅसेटच्या फितीवर लोखंडाच्या ऑक्साइडची पूड चिकटवलेली असते. गाणं असतं त्या पुडीतल्या चुंबकी खुणांत! हेड त्या खुणा वाचतो. आणि तासाभराच्या कॅसेटमध्ये फीत किती लांब? ओळख! जवळजवळ 90 मीटर! एवढी फीत घासत जाते, म्हणून हेडवर तपकिरी पुटं चढतात.

मग काय करायचं? मोठ्या माणसाला सोबत घे. प्लग काढ. काडीला कापूस गुंडाळ, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जरासा भिजव आणि हेड हलकेच पूस. वाळू दे. चुंबक मात्र जवळ आणायचा नाही हं!

दुखणं दुसरं: रेडिओ खरखरतोय!

आई चटणी वाटायला बसली की खर्रर्र! असं का? मिक्सरच्या मोटारीत बारीक ठिणग्या उडतात. आणि प्रत्येक ठिणगीतून रेडिओलहरी निघतात! हाइनरिख हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 1880 च्या दशकात अशाच ठिणग्यांतून रेडिओलहरी निर्माण केल्या होत्या. म्हणजे तुमचा मिक्सर चक्क एक रेडिओ स्टेशन आहे! कार्यक्रम एकच, खर्रर्र!

पण गंमत बघ. आकाशवाणीचं पुणे केंद्र मध्यम लहरीवर, 792 किलोहर्ट्झला लावलं तर खरखर जास्त. आपल्या अहिल्यानगरचं 100.1 एफएम लावलं तर कितीतरी कमी! दोरीउड्यांची दोरी आठव. कुणी मध्येच हिसका दिला तर दोरीची उंची बिघडते, पण फिरण्याचा ठेका टिकतो. रेडिओलहरीचंही तसंच. पुण्याच्या मध्यम लहरीत आवाज लहरीच्या उंचीत भरलेला असतो, एफएममध्ये तिच्या ठेक्यात!

  

आता हेरगिरी! पुणे केंद्र लाव. मोठ्यांना विचारून एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, टीव्ही एकेक करून बंद कर. कशाने खरखर थांबली? सापडला चोर! तो बंद ठेवता येत नसेल तर रेडिओ त्याच्यापासून लांब ने आणि जागच्या जागी हळूहळू फिरव. मध्यम लहरी पकडणारा आतला एरियल म्हणजे फेराइटची एक कांडी. तिचं टोक चोराकडे वळलं की खरखर दबते! तुझ्या घरातला चोर कोण निघतो?