बिनमीटरचं घर आणि भंडाऱ्यातला हिशेब

नागझिऱ्याच्या रानातल्या विश्रामगृहांत वर्षानुवर्षं बाहेरच्या तारेची वीज नव्हती. रात्री कंदील नाहीतर सौरदिवा, तळ्यावर चांदणं, लांबून सांबराची हाक. किरण पुरंदरे या जंगलात चारशे दिवस राहिले आणि त्यांनी ‘सखा नागझिरा’ लिहिलं. आपण दोन रात्री राहतो आणि परतताना भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीच्या रस्त्यावर चहा पिता पिता विचारतो, “इकडं एकराचा भाव काय चालू आहे हो?”

या प्रश्नामागे एक गणित असतं. जमीन घेतली, छपरावर पॅनेल टाकले, विहीर खणली, की पुढं बिल नाही. बिल नाही म्हणजे खर्च नाही. बिल येत नाही हे खरंच आहे. पण दोन रात्रींच्या पाहुण्याला विश्रामगृहाची टाकी कोण भरतं, बॅटरी कोण बदलतं, सरपण कुठून येतं, हे दिसलेलं नसतं.

“ऊन तर फुकटच आहे”

ऊन फुकट आहे, रात्र नाही. एक किलोवॉटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीनं रोज चार युनिटांच्या आसपास वीज देतात. पण घर सरासरीवर चालत नाही. ते वर्षातल्या सगळ्यात वाईट पंधरवड्यावर चालवावं लागतं. भंडाऱ्यात असे पंधरवडे दोन ऋतूंत येतात.

पहिला मे महिन्यात. पारा ४५ अंशांवर, म्हणजे पॅनेलची चंगळ असेल असं वाटतं. प्रत्यक्षात पॅनेलची क्षमता २५ अंशांना मोजलेली असते आणि त्यापुढं प्रत्येक अंशाला ती साधारण ०.४ टक्क्यानं घसरते. तापलेल्या छपरावर पॅनेल सहज ६५ अंशांपर्यंत पोचतो. पंधरा टक्के वीज तिथंच गेली. आणि नेमक्या याच महिन्यात कूलर लागतो. पुण्या-मुंबईच्या माणसाला कूलर म्हणजे चैन वाटते. वैदर्भीयाला विचारा.

दुसरा पंधरवडा भर पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत. झड लागली की तोच एक किलोवॉट दीड-दोन युनिटांवर येतो.

आता साध्या घराचा हिशेब मांडू. चार दिवे, कमी वीज खाणारे दोन पंखे, छोटा फ्रिज, मोबाइल, टीव्ही आणि तासभर अर्ध्या अश्वशक्तीचा पंप: रोज सुमारे अडीच युनिट. मे महिन्यात कूलर धरून सव्वाचार. यातला निम्म्याहून जास्त वापर अंधार पडल्यावरचा, म्हणजे बॅटरीतला. १५० अँपिअर-तासांच्या एका ट्युब्युलर बॅटरीत पावणेदोन युनिट मावतात, पण तिनं टिकावं असं वाटत असेल तर निम्मेच वापरायचे. म्हणून ४८ व्होल्टचा चार बॅटऱ्यांचा संच. एक बॅटरी पंधरा हजारांची धरली तर साठ हजार, आणि आयुष्य चार वर्षं. वर्षाला पंधरा हजार, महिन्याला साडेबाराशे झाले. पॅनेल, इन्व्हर्टर, वायरिंग यांचा एक रुपयाही न धरता.

याच घरी महावितरणचं मीटर असतं तर? पहिल्या शंभर युनिटांचा दर सगळे आकार मिळून सात रुपये धरा, वर स्थिर आकार. एरवीचं बिल सहाशे-साडेसहाशे, मे महिन्याचं बाराशेच्या घरात. म्हणजे नुसती बॅटरीची झीजच वर्षातल्या सगळ्यात मोठ्या बिलाला भारी पडते. लिथियमची बॅटरी दहाएक वर्षं जाते, तिच्यातली बरीच जास्त वीज वापरता येते आणि तिला पाणी घालावं लागत नाही. तिनं हिशेब सुधारतो. पण सगळी रक्कम पहिल्याच दिवशी मोजावी लागते.

गावातली माणसं हे आकडेमोड न करता सांगतात. “लाइन घेऊन ठेवा ना भाऊ. जाते, पण येते बी.”

“सरकार अनुदान देतंच की”

देतं, पण तारेला जोडलेल्या घराला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा त्याहून जास्त किलोवॉटला ७८ हजार रुपये मिळतात. अट अशी की घराला वीजजोडणी हवी आणि यंत्रणा ग्रिडला जोडलेली हवी. मीटर नाकारणारा माणूस हे ७८ हजारही नाकारतो. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’मध्ये शेतकऱ्याला दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला पाच टक्केच रक्कम भरावी लागते, पण ती योजना ओलितासाठी आहे, तुमच्या फ्रिजसाठी नाही.

जमीन स्वस्त मिळतेय म्हणून हुरळून जाणाऱ्यांसाठी जाता जाता एक. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. आणि पूर्व विदर्भात कागदपत्रांवर ‘झुडपी जंगल’ अशी नोंद दिसली तर तिथंच थांबायचं. या जमिनी वनच मानायच्या, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे.

“तलावांचा जिल्हा, पाण्याला काय तोटा?”

भंडाऱ्यात वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. पन्नास चौरस मीटरच्या छपरावर ६५ हजार लिटर पाणी येतं. चार माणसांना दरडोई ५५ लिटर धरले तर नोव्हेंबर ते जूनच्या आठ महिन्यांना ५३ हजार लिटर लागतं. कागदावर पुरतं. पण पाऊस चार महिन्यांत पडून जातो आणि एवढं पाणी साठवायला हजार लिटरच्या पन्नासावर टाक्या हव्यात. शिवाय कूलर पितो ते वेगळंच. म्हणून शेवटी विहीर किंवा बोअर, आणि तिच्याबरोबर पंप. पंप जळतो, दोर तुटतो, एप्रिलमध्ये पाणी खाली जातं.

तलाव आहेत ना, असं कुणी म्हणेल. ते का आहेत, हे पाहण्यासारखं आहे. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं या भागात उतार हेरून मातीच्या पाळी घातल्या, तलाव केले आणि धानाच्या बांध्यांना पाणी दिलं. तारेशिवाय, इंजिनाशिवाय चालणारी अशी यंत्रणा राज्यात दुसरीकडं क्वचितच सापडेल. पण ती फुकट चालत नव्हती. पाळीची भगदाडं बुजवायची, पाट साफ करायचे, गाळ उपसायचा, कुणाच्या बांधीला आधी पाणी ते ठरवायचं. हे काम दरवर्षी गाव करी. तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता. १९५० च्या कायद्यानं तिथली मालगुजारी, म्हणजे गावांची जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांना ‘माजी मालगुजारी’, म्हणजे मामा तलाव हे नाव पडलं. मालकी बदलली तशी डागडुजी कुणाची हा प्रश्न लोंबकळत राहिला, आणि कितीतरी तलाव गाळानं उथळ झाले. बिल न येणाऱ्या यंत्रणेचा खर्च कुणीच केला नाही की काय होतं, ते मामा तलावाच्या तळाशी दिसतं.

“जंगलाला लागून आहे, सरपणाची चिंता नाही”

पाच माणसांच्या चुलीला दिवसाला चार-पाच किलो लाकूड लागतं. ते आणायला आठवड्याच्या दोन सकाळी जातात. रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. दोन सकाळी मिळून एक दिवस धरला तरी महिन्याला साडेबाराशे रुपयांचे श्रम झाले. १४.२ किलोचं सिलिंडर हजाराच्या आत-बाहेर पडतं आणि महिना-सव्वा महिना पुरतं. बाईच्या श्रमांना शून्य किंमत लावली तरच चूल स्वस्त. आणि कोका आणि नागझिरा अभयारण्यांच्या कडेच्या गावांत मोहफुलं वेचायला किंवा सरपणाला पहाटे रानात शिरणं म्हणजे काय, हे तिथल्या बायकांना विचारावं. वाघ-बिबट्याच्या हल्ल्यांच्या बातम्या उन्हाळ्यात जास्त का येतात, ते कळतं.

गोबरगॅस चांगला, पण दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण लागतं. दिवसभर चरायला जाणाऱ्या जनावरांचं निम्मं शेण रानातच पडतं. म्हणजे चार-पाच नव्हे, आठ-दहा जनावरं. थंडीत गॅस कमी होतो ते वेगळं.

मग कुणीच असं राहू नये का?

राहावं की. जवळचा खांब किलोमीटरभर लांब असेल तर लाइन ओढण्यापेक्षा सौर यंत्रणा स्वस्त पडू शकते. कामं उन्हाच्या वेळेत ओढली तर आणखी स्वस्त. पंप दुपारीच चालवावा आणि पाणी उंच टाकीत चढवावं. भरलेली टाकी ही सगळ्यात स्वस्त बॅटरी. जाड मातीच्या भिंती आणि कौलं मे महिन्यात जे करतात, त्याची किंमत कूलरच्या युनिटांत मोजून पाहावी.

बाकी लहान खर्च आहेत, त्यांना नाव नसतं म्हणून ते हिशेबात येत नाहीत. मीठ-तेलाला, दळणाला, औषधाला प्रत्येक फेरी पेट्रोलची. धानाच्या पट्ट्यात मण्यार असतो आणि तो बहुतेक वेळा रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावतो; म्हणून प्रत्येकाला खाट आणि खाली खोचलेली मच्छरदाणी, हा पहिल्या दिवसाचा खर्च. चावलाच तर १०८ ची रुग्णवाहिका फुकट येते. तिला फोन करायला मोबाइल चार्ज असावा लागतो, रेंज असावी लागते, आणि डांबरी रस्ता सोडून तुमच्या घराकडं वळायचं कुठून हे दाखवायला अंधारात टॉर्च घेऊन उभा राहणारा कुणीतरी शेजारी असावा लागतो.